एअरब्रशची आंघोळ



गणपतीच्या आधी दोन-तीन महिने पेणच्या किंवा तुमच्या गावातल्या एखाद्या मूर्तींच्या कारखान्यात कधी डोकावला आहात का? नसाल, तर यंदा आई-बाबांना घेऊन जरूर जा. एका कोपऱ्यात कॉम्प्रेसरची घरघर चाललेली असते. एखादा कारागीर हातात जाडसर पेनासारखं काहीतरी धरून मूर्तीच्या गालावरून नुसता हात फिरवत असतो. ते पेन मूर्तीला टेकतसुद्धा नाही. फुस्स... फुस्स... आणि बघता बघता गालावर गुलाबी छटा उमटते! ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, शोधूनही सापडत नाही. मग डोळ्यांची आखणी करायला तोच माणूस साधा बारीक ब्रश हातात घेतो. पण ती मऊ, धुक्यासारखी छटा? ती त्या पेनाची करामत. त्याचं नाव एअरब्रश. मोठ्या जागेवर रंग मारायची स्प्रे गन हा त्याचा थोरला भाऊ.

हल्ली हा एअरब्रश बऱ्याच मुलांच्या घरीही आला आहे. कुणी विमानांची मॉडेल्स रंगवतं, कुणी शाडूच्या मूर्ती, कुणी शुभेच्छापत्रं. वाढदिवसाला हट्ट करून तो घेतला जातो. पहिले आठ दिवस घरातला एकही पुठ्ठा कोरा राहत नाही. आणि महिन्याभराने? एअरब्रश कपाटाच्या तळाशी! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बिघडला."

खरं सांगू का? दहांतले आठ एअरब्रश बिघडलेले नसतातच. त्यांना आंघोळ घातलेली नसते, एवढंच. आणि उरलेले दोन? ते चुकीची आंघोळ घातल्यामुळे बिघडलेले असतात! म्हणून आज आपण एअरब्रश स्वच्छ कसा करायचा आणि करताना त्याचे नाजूक भाग कसे सांभाळायचे, ते शिकू या.

आधी ओळख करून घेऊ

कुठलंही यंत्र धुण्याआधी ते चालतं कसं, हे माहीत हवं. त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. काठोकाठ पाणी भरलेल्या पेल्यात स्ट्रॉचा एक तुकडा उभा धरा. त्याचं वरचं टोक पाण्याच्या जेमतेम बोटभर वर असू द्या. आता दुसरी स्ट्रॉ आडवी धरून त्या टोकावरून जोरात फुंका. काय झालं? पाणी उभ्या स्ट्रॉमधून वर चढलं आणि त्याचे तुषार उडाले! वेगाने जाणाऱ्या हवेच्या झोतामुळे उभ्या नळीच्या तोंडाशी दाब कमी होतो. पेल्यातल्या पाण्यावर मात्र बाहेरच्या हवेचा दाब नेहमीइतकाच असतो. तो पाण्याला वर ढकलतो. डास मारायचा जुना हातपंप, अत्तराची फुग्याची बाटली आणि आपला एअरब्रश, तिघांचं गुपित हेच.

एअरब्रशमध्ये रंगासाठी एक छोटी वाटी असते. तिच्यातून रंग पुढे एका अगदी बारीक तोटीपर्यंत येतो. या तोटीला सगळे नोझल म्हणतात, आपणही तेच म्हणू. नोझलच्या आत लांब, टोकदार सुई बूच लावल्यासारखी बसलेली असते. वर चाप असतो, कारागीर त्याला ट्रिगर म्हणतात. चांगल्या एअरब्रशमध्ये हा चाप दोन कामं करतो. खाली दाबला की हवा सुटते. तसाच मागे ओढला की सुई मागे सरकते, नोझलचं तोंड उघडतं आणि रंग येतो. जितका मागे ओढाल तितका रंग जास्त.

नोझलचं तोंड केवढं असतं, माहीत आहे? कंपासपेटीतली पट्टी काढा. एका मिलिमीटरचे मनातल्या मनात तीन भाग करा. त्यातला एक भाग, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर! काहींचं तर ०.२ मिलिमीटरच असतं. आपल्या डोक्यातले चार-पाच केस शेजारी शेजारी ठेवले की तेवढी जागा भरते. अशा भोकात वाळलेल्या रंगाचा एक कण अडकला तरी रस्ता बंद. म्हणून तर ही आंघोळ एवढी महत्त्वाची.

हे यंत्र काही कालपरवाचं नाही बरं का! अमेरिकेत अ‍ॅबनर पीलर या संशोधकाने १८७९ च्या सुमारास हवेने रंग उडवणारं एक यंत्र बनवलं. मग १८९३ च्या सुमारास चार्ल्स बर्डिकने पेनासारखा हातात धरता येणारा एअरब्रश तयार केला. आजचे एअरब्रश पुष्कळसे त्याच्याच वळणावर गेलेले आहेत. संगणक येण्याआधी फोटोंवरचे डाग झाकायला आणि जुन्या फोटोंना उजळा द्यायलाही फोटोवाले हेच यंत्र वापरत. म्हणजे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं माणसं ही इवलीशी तोटी धूत आली आहेत!

अर्धी आंघोळ रंगवण्याआधीच

हो, आधीच! जो रंग वाटीत नीट जातो, तो बाहेरही नीट येतो. रंग दुधाइतका पातळ करा. मग तो गाळा. चहाच्या गाळणीची भोकं यासाठी फार मोठी. नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा उत्तम. कोरड्या वाटीत रंग टाकण्याआधी पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, म्हणजे रंग तळाशी चिकटून बसत नाही. हे पाण्यात मिसळणाऱ्या रंगांसाठी हं! रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये मिसळणाऱ्या ऑइल पेंटच्या नादाला तुम्ही लहान असताना लागूच नका. ते मोठ्यांचं काम.

हवेचा दाब किती ठेवायचा? टायरमध्ये हवा भरणारे काका "किती पौंड?" विचारतात ना, तेच माप इथेही चालतं. पातळ रंगाला १५ ते २५ पौंड पुरतात. स्कूटरच्या पुढच्या चाकात भरतात, साधारण तेवढेच.

आणि एक मंत्र पाठ करून टाका :

आधी हवा, मग रंग. आधी रंग बंद, मग हवा.

म्हणजे चाप आधी खाली दाबायचा, मग मागे ओढायचा. थांबताना आधी पुढे सोडायचा, मग वर. असं केलं की शेवटची हवा नोझलच्या तोंडावरचा रंग उडवून नेते आणि तोंड आपोआप साफ राहतं. पटकन बोट उचललंत, तर एक थेंब तिथेच बसतो, वाळतो आणि पुढच्या खेपेला पचकन कागदावर उडतो.

रोजची आंघोळ : पाच मिनिटं

पोस्टर कलर आणि जलरंग वाळले तरी पाण्याने पुन्हा ओले होतात. अ‍ॅक्रिलिकचं तसं नाही. तो ओला असेपर्यंत पाण्याचा मित्र. पण एकदा वाळला की त्याचं प्लास्टिकच होतं, मग बादलीभर पाणी ओता, तो ढिम्म हलत नाही. म्हणून नियम असा : चित्र झालं की आधी आंघोळ, मग कौतुक. चित्र आजीला दाखवायला धावलात, शेजारच्या काकूंनाही दाखवून आलात, की तोवर रंग सुकलाच म्हणून समजा.

तर, रोज असं करायचं :

१. उरलेला रंग वाटीतून बाटलीत परत ओता. वाटी मऊ कागदाने पुसा. पुसताना वाटीच्या तळाशी दिसणाऱ्या सुईला धक्का लावू नका.

२. वाटीत पाणी घाला. मऊ ब्रशने वाटीच्या कडा हलक्या हाताने धुवा. ते पाणी ओतून द्या.

३. पुन्हा अर्धी वाटी पाणी घाला आणि चाप मागे ओढून ते फवारून टाका. रद्दी कागदावर नाही, बरणीत! ही बरणी घरी बनवता येते. लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी घ्या. झाकणाला एअरब्रशचं तोंड जाईल एवढं भोक मोठ्यांकडून पाडून घ्या. शेजारी दुसरं भोक पाडून त्यात स्पंजचा तुकडा बसवा, म्हणजे हवा बाहेर जाते आणि रंग आतच राहतो. घरभर रंगीत धुकं होत नाही आणि आईची बोलणीही बसत नाहीत.

४. आता गुळण्या! हवेचा दाब कमी करा. वाटीत थोडं पाणी घ्या. ओल्या फडक्याची घडी एअरब्रशच्या तोंडावर हलकेच धरा आणि चाप अगदी किंचित मागे ओढा. हवेला पुढे जायला वाट नाही, म्हणून ती उलटी वाटीत येते आणि पाण्यात बुडबुडे येतात. आपण चूळ भरतो ना, अगदी तसंच. कोपऱ्यातला रंग सुटून पाण्यात येतो. चाप जोरात ओढाल तर पाणी उसळून तोंडावर येईल, सांभाळा. ही गंमत फक्त साध्या पाण्याने करायची, थिनरने कधीच नाही.

५. स्वच्छ पाणी फवारून बघा. पांढऱ्या कागदावर पाण्याचा नुसता ओलावा उमटला, रंग अजिबात नाही, म्हणजे झाली आंघोळ. नंतर थोडा वेळ कोरडी हवा सोडा.

शेवटची वाटी डिस्टिल्ड वॉटरची असेल तर सोन्याहून पिवळं. कारण बोअरचं जड पाणी सुकलं की पांढरा थर ठेवून जातं. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला तो दिसतो ना? तोच थर नोझलमध्ये बसला तर?

आठवड्याची आंघोळ : सुई आधी, सुई शेवटी

आठवड्यातून एकदा, किंवा अ‍ॅक्रिलिक पुष्कळ वापरला असेल तर त्याच दिवशी, एअरब्रश उघडून साफ करायचा. पहिल्या दोन-चार वेळा शेजारी घरातलं मोठं माणूस हवंच.

बैठक मोरीत किंवा बेसिनपाशी मांडू नका. तांदळाच्या दाण्याहून फारसं मोठं नसलेलं नोझल नळीत गेलं की गेलंच! काठ असलेलं ताट घ्या, त्यात पांढरा पंचा अंथरा. त्यावर पडलेली वस्तू उडत नाही, घरंगळत नाही आणि चटकन दिसते. कॉम्प्रेसर बंद करा, नळीतली हवा सोडून द्या आणि नळी काढून ठेवा. सोबत आलेलं माहितीपत्रक असेल तर समोर ठेवा. सगळे एअरब्रश एकसारखे नसतात.

आता भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत चला. वहीत चित्रही काढा. आईच्या मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल, पण चित्र काढलेलं जास्त लक्षात राहतं, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

पहिली काढायची सुई. मागची मूठ फिरवून काढली की आत सुई पकडून ठेवणारी एक छोटी चकती दिसते. ती सैल करा आणि सुई सरळ मागे ओढा. वाकडी नको, झटका नको. सुई आत असताना नोझल फिरवलं, तर दोघं एकमेकांवर घासतात आणि दोघांचंही नुकसान होतं. म्हणून सुई आधी. मात्र त्यापूर्वी रोजची आंघोळ झालेली हवी, नाहीतर सुईला लागलेला ओला रंग मागे ओढला जाऊन चापाजवळ जाऊन बसतो. सुई निघाल्यावर एअरब्रश उलटा करू नका. तिच्या आधाराने उभा असलेला चाप टपकन बाहेर पडतो.

सुई पुसायची रीत नीट वाचा. ओल्या मऊ फडक्याची घडी करून सुईचा जाड भाग तिच्यात धरा आणि सुई बोटांनी गोल फिरवत टोकाच्या दिशेने फडकं सरकवा. नेहमी टोकाकडे, टोकाकडून मागे कधीच नाही! उलट पुसलं तर टोक फडक्यात अडकून वाकतं आणि तुमच्या बोटातही घुसतं. पुसून झालं की सुई एका स्ट्रॉमध्ये सरकवून ठेवा. झालं तिचं म्यान तयार!

मग पुढच्या दोन टोप्या काढा आणि शेवटी नोझल. नोझलला बारीक आटे असतील तर सोबत मिळालेला चिमुकला पान्हाच वापरा. फक्त सैल करण्यापुरता, पुढे बोटांनी फिरवा. पक्कड तर जवळसुद्धा आणू नका. काही नोझलना आटेच नसतात, ती नुसती बसवलेली असतात. ती हलकेच निघतात.

एका झाकणात साफ करायचं द्रावण घ्या. अ‍ॅक्रिलिकसाठी त्याचंच क्लीनर मिळतं. त्यात नोझल दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या. मग बारीक, मऊ ब्रशचं ओलं टोक मागच्या रुंद बाजूने आत घालून अलगद फिरवा. पुढच्या अरुंद तोंडातून काहीही घालू नका. धुतल्यावर उजेडाकडे धरून बघा. स्वच्छ गोल ठिपका दिसला की काम फत्ते. ठिपका वेडावाकडा दिसला तर पुन्हा भिजवा. भिजवणं हाच उपाय. जोर लावणं नाही.

एअरब्रशचं बाकीचं अंग मात्र भिजत घालायचं नाही. आत रबरी वायसर असतात, हवेची झडप असते. वाटी आणि रंगाची वाट कापसाच्या काडीने पुसली की पुरे.

जोडताना सगळं उलट क्रमाने. नोझल बोटांनी फिरवा आणि पान्ह्याने फक्त टेकवा. आवळून आवळून बसवलंत तर नोझलच्या मानेला तडा जातो. मग टोप्या. सगळ्यात शेवटी सुई. मागून हळूच सरकवा आणि थांबली की थांबा. "अजून थोडी जाईल" म्हणून ढकललीत, तर पाचरीने लाकूड फाटतं तसं नोझलचं तोंड फाटतं. चकती आवळा, मूठ लावा. झालं!

सुई सगळ्यात आधी बाहेर, सुई सगळ्यात शेवटी आत. हा दुसरा मंत्र.

स्टोव्हची पिन आणि मामाचं काम

आमच्या शाळेत श्रावणात शाडूच्या मूर्तींचं शिबिर असतं. एका वर्षी चौथीतल्या एका मुलाने मामाचा एअरब्रश आणला होता. मामाचा धंदा मोटारसायकलच्या टाक्या आणि हेल्मेटं रंगवायचा. एका दिवसासाठी म्हणून त्याने भाच्याला तो दिला होता.

दुपारी रंग यायचा थांबला. मुलगा हुशार. घरी आजीच्या पंपाच्या स्टोव्हची ज्योत बसली की ती पिन मारते, हे त्याने पाहिलेलं. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन त्याने पिन आणली आणि नोझलच्या तोंडातून आत घातली. रंग सुरू झाला खरा, पण एका बाजूला आणि थुंकी उडाल्यासारखा! शिबिर संपेपर्यंत पोरगं गप्प होतं. दप्तर छातीशी धरून बसलेलं.

त्याने काय केलं असतं तर कुणाला कळलं नसतं? पुसून डबीत ठेवायचा, बस्स. मामाला वाटलं असतं, आपल्याच हातून खराब झाला. पण त्याने संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. मामाने नोझल भिंगाखाली धरलं आणि म्हणाला, "पिन मारलीस होय? अरे, स्टोव्ह वाटला का तुला?" मग त्याला भिंगातून दाखवलं. गोल तोंड एका बाजूला फाकलेलं होतं. नवीन नोझल मागवून यायला पाच दिवस लागले. तेवढे दिवस मामाचं छटांचं काम बंद. गिऱ्हाइकाला थांबायला सांगावं लागलं. मामा रागावला का? रागावला की! पण दुसऱ्या रविवारी त्यानेच भाच्याला समोर बसवून सगळं उघडून दाखवलं. आता दर रविवारी एअरब्रशची आंघोळ त्या मुलाकडे असते.

पिन स्टोव्हला चालते आणि इथे का नाही? स्टोव्हच्या पिनेची तार त्याच्या भोकासाठीच बेतलेली असते. एअरब्रशचं नोझल मात्र आतून निमुळतं आणि टोकाशी कागदासारखं पातळ असतं. बहुतेक वेळा ते पितळेसारख्या मऊ धातूचं. पोलादी पिन जिंकणार आणि पितळ हरणार, हे ठरलेलंच. टाचणी, सेफ्टी पिन, शिवणाची सुई, कंपासचं टोक, सगळ्यांना तोच नियम : नोझलपासून चार हात लांब.

पितळेचा शत्रू

काचा पुसायचं निळं पाणी रंग छान काढतं, म्हणून पुष्कळजण ते एअरब्रशला वापरतात. पण आधी बाटलीवरचा कागद वाचा. त्यात अमोनिया असेल तर ते नको. का, त्याची गोष्ट ऐका, आणि ती आपल्याच देशातली आहे.

इंग्रजांच्या अमदानीत इथल्या फौजेची पितळेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात. पावसाळा संपला की पुष्कळ काडतुसांना आपोआप तडे गेलेले असत. कुणी आपटली नाहीत, कुणी ठोकली नाहीत, मग तडे कशाने? पावसाळ्याच्या ऋतूत होतं म्हणून इंग्रजीत या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी कोडं उलगडलं. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया तयार होत होता. दमट हवेत तो पितळेवर बसायचा. काडतूस घडवताना पितळेत जो ताण राहून गेलेला असतो, त्या ताणाच्या जागीच अमोनिया पितळेला तडा पाडायचा.

एअरब्रशचं अंग बहुधा पितळेचंच असतं, वर चकाकी दिलेली. मग नोझल आवळून ताण द्यायचा आणि वर अमोनियात भिजवायचं, म्हणजे ती काडतुसंच झाली की नाही?

आणखी दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. नेलपॉलिश रिमूव्हर आणि कडक थिनर रबरी वायसर फुगवतात, मग हवा गळते. ही द्रव्यं झटकन पेटही घेतात. आणि अमोनियाचं पाणी व कपड्यांचं ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो. हे एअरब्रशपुरतंच नाही, घरातल्या सगळ्या साफसफाईला लागू आहे.

तेलाचं काय? सुईला किंवा चापाला शिलाई मशीनचं तेल, खोबरेल घालू नका. ते रंगात उतरतं आणि कागदावर रंग फाटल्यासारखा दिसतो. एअरब्रशसाठी वेगळं वंगण मिळतं. त्याचा एक थेंब पुरतो.

पावसाळ्यातली पंचाईत

जून ते सप्टेंबर आपली हवा दमट. कॉम्प्रेसर ती हवा दाबतो, म्हणजे ओला स्पंज मुठीत आवळल्यासारखंच. दाबलेली हवा तापते आणि नळीत जाऊन गार झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. मग सुंदर छटेच्या मधोमध पाण्याचा टपोरा थेंब! म्हणून नळीच्या वाटेवर पाणी अडवणारी पारदर्शक बाटली लावतात. तिच्यातलं पाणी अधूनमधून सोडून द्यायला विसरू नका. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर तिच्या तळाचा नळही काम संपल्यावर उघडून पाणी काढायला मोठ्यांना सांगा. पाणी तुंबलं की टाकी आतून गंजते.

तुम्हीच व्हा डॉक्टर

आजार : रंगवताना वाटीत बुडबुडे येतात.
कारण : नोझल नीट बसलेलं नाही, पुढची टोपी सैल आहे किंवा नोझलला तडा गेला आहे.
उपाय : टोपी बोटांनी घट्ट करा. नाही जमलं तर नोझल उघडून भिंगाने तपासा.

आजार : रंगाचे ठिपके उडतात.
कारण : रंग घट्ट आहे, दाब कमी आहे किंवा सुईच्या टोकावर रंग वाळला आहे.
उपाय : रंग पातळ करा. ओल्या कापसाच्या काडीने टोक हळूच पुसा.

आजार : फवारा एका बाजूला जातो.
कारण : सुईचं टोक वाकलं आहे किंवा नोझलचं तोंड फाकलं आहे.
उपाय : सुई काचेवर लोळवून बघा. टोक गरगरताना डुगडुगलं तर ते वाकडं आहे. सुई बदलणं चांगलं.

आजार : चाप मागे न ओढताही रंग येतो.
कारण : सुई पूर्ण आत गेलेली नाही किंवा नोझलमध्ये कचरा आहे.
उपाय : चकती सैल करून सुई हलकेच पुढे सरकवा. तरीही येत असेल तर आठवड्याची आंघोळ आजच.

आजार : चाप चिकटतो, परत येत नाही.
कारण : रंग मागे शिरून वाळला आहे.
उपाय : सुई काढून पुसा. सुईची वाट मोठ्यांच्या मदतीने साफ करा.

पालकांसाठी दोन शब्द

एअरब्रश विकत घेतानाच एक जादा सुई, एक जादा नोझल आणि नाकातोंडावर लावायचा चांगला मास्क घेऊन ठेवा. काम खिडकीजवळ, देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून लांब होऊ द्या. हवेचा झोत कुणाच्या डोळ्यांवर, कानावर किंवा अंगावर सोडायचा नाही, ही ताकीद पहिल्याच दिवशी द्या. आणि हो, मुलांनी एअरब्रश उघडला तर "मोडशील!" म्हणून ओरडू नका. शेजारी बसा, ताट-पंचा द्या. जे मूल यंत्र उघडून, पुसून, पुन्हा जोडून चालू करतं, ते क्रम लावायला शिकतं आणि बोटांनी जोर मोजायला शिकतं. हे वहीत गृहपाठ देऊन शिकवता येत नाही.

तर मित्रांनो, येत्या रविवारी कपाटाच्या तळाशी गेलेला तो एअरब्रश बाहेर काढा. ताट घ्या, पंचा अंथरा आणि दोन्ही मंत्र मोठ्याने म्हणा. नोझल उजेडाकडे धरून त्यातून आभाळाचा गोल ठिपका दिसतो का, ते बघा. दिसला, की रंग कालवायला घ्या!